भट्टीचा धूर आणि पांढऱ्या चादरी

लग्नाच्या मांडवात लोक पांढऱ्या चादरीवर बसतात, तक्क्याला टेकतात, जेवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. ती चादर दुसऱ्या दिवशी कुठे जाते हा प्रश्न कोणालाच पडत नाही. पडायचं कारणही नाही. पण ती माझ्याकडे यायची.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात नाल्याच्या उतारावर एका टेंट हाउसचं, म्हणजे लग्नाचा मांडव आणि गाद्या भाड्याने देणाऱ्याचं, धुणीघर होतं. तिथे मी वीसेक वर्षं काम केलं. आम्ही चौघीजणी होतो. रखमामावशी भट्टीवर. भट्टी म्हणजे विटांची मोठी चूल, तिच्यावर तांब्याचं एवढं मोठं भांडं की त्यात माणूस बसेल. त्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि चादरी घालून उकळायच्या. मग दोघीजणी त्या चादरी दगडावर आपटायच्या, हौदात खळबळायच्या. आणि शेवटी मी. माझं काम नीळ देणं, खळ देणं आणि वाळत घालणं. लोकांना वाटतं वाळत घालणं म्हणजे काय काम! पण कपडा धुऊन पांढरा होत नाही, वाळून पांढरा होतो. धुणं पाण्याचं काम आहे, वाळवणं हवेचं. आणि पाणी नळाला येतं तसं येतं. हवा रोज वेगळी येते.

हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे हात हळू चालतो. चारचौघांत बोलायची मला पहिल्यापासून लाज. सासरे सांगायचे, आपल्या घराण्यात कोणी होळकरांच्या फौजेत होते, तोफेजवळ उभे राहायचे. मी तर टेंट हाउसचा सेठ समोर आला की चादरीच्या आड उभी राहायची. चादरी मोठ्या असायच्या, ते बरं होतं.

आमच्या दोऱ्यांना चिमटे नसत. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणायच्या, आणि पिळाच्या मधे चादरीचं टोक खुपसायचं. चिमट्याचा गंज कापडाला लागतो, पिळाचा काही लागत नाही. आणि चादर काढायची वेळ आली की एक हिसका दिला की झालं. सगळी रांग हातात! हा हिसका मला फार आवडायचा. अजूनही घरी दोन दोऱ्या पिळूनच बांधल्या आहेत. सून म्हणते, "आई, क्लिपा आणते ना." मी म्हणते, आण, पण लावू नकोस.

आणखी एक रीत होती. मोठं धुणं वाळत घालायच्या आधी, एक ओला पांढरा फडका दोरीवर टाकायचा. तो चाखणीचा फडका. भात शिजला का बघायला एक शीत दाबतो ना, तसं. थोड्या वेळाने तो काढून, घडी उलगडून बघायचा. आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी असली तर घाला चादरी. बाहेरची मळकी दिसली तर थांबा. ही रीत मला माझ्या आधीच्या वाळवणारीने शिकवली होती.

त्या फडक्यामुळे मला वर्षाचे दिवस कॅलेंडरशिवाय कळायचे. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की फडक्यावर बारीक तांबूस धूळ. चैत्रात आसपासच्या शेतांत गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जाळतात, तेव्हा काळे काळे धागे उडत यायचे, केसाएवढे, आणि ओल्या चादरीला हात लावला की पसरायचे. ते झटकायचे नाहीत, फुंकायचे. आम्ही चौघी गाल फुगवून चादरीला फुंकर घालत फिरायचो. रस्त्यावरून जाणारे बघत राहायचे, या बायकांना झालं काय! पावसाळ्यात हवा इतकी स्वच्छ की फडका घालायचीच गरज नाही, पण वाळणारच नाही, आणि कुबट वास. दिवाळीत तर फडक्याला फटाक्याच्या दारूचा वास यायचा.

उन्हाळ्यातली वावटळ हा तर खेळच होता. दुपारी सगळं शांत, आणि एकदम दूर राजवाड्याच्या बाजूला आकाश पिवळं व्हायचं. "आली!" असं मावशी भट्टीपासून ओरडायची आणि आम्ही धावत सुटायचो. मी एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, हिसका, गोळा, हिसका, गोळा, आणि शेवटची चादर आत टाकून दार लावलं की बाहेर धूळ दारावर येऊन आपटायची. आत आम्ही चादरींच्या ढिगावर पडून हसत असायचो. एवढं हसू मला लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

पण थंडीने आम्हांला हरवलं होतं.

थंडीत इंदूरचं आकाश निळं असतं, ऊन सोन्यासारखं, धूळ नाही, पाऊस नाही. वाळवायला याहून चांगले दिवस कोणते! आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या चादरी राखाडी यायच्या. घाण नाही, डाग नाही. नुसतं पांढरेपण गेलेलं. जसं पातेल्यातल्या दुधात कोणीतरी पाणी घालून ठेवावं.

आम्ही सगळ्यांना दोष देऊन पाहिला. कोपऱ्यावर बेकरी होती, तिला शिव्या दिल्या. सकाळी पालापाचोळा पेटवून शेकणाऱ्यांना दिल्या. पोह्यांच्या गाडीवाल्याला दिल्या. बंद पडलेल्या गिरणीच्या चिमणीलाही दिल्या, जिच्यातून कित्येक वर्षांत धूर आलेला नव्हता. सेठचा उपाय एकच होता. "नील और डालो!"

तर एका वर्षी आम्ही नीळ और टाकली. राखाडीवर निळं चढलं की काय रंग होतो, ते त्या लग्नाला आलेल्या सगळ्यांनी पाहिलं. नवऱ्या मुलाच्या काकांनी सेठला विचारलं म्हणे, "भिया, थीम ब्लू है क्या?" सेठ हुशार. म्हणाला, "हां जी, आपके लिए स्पेशल." पैसे मिळाले, पण सेठ धुणीघरात आला तेव्हा त्याचा चेहरा आमच्या चादरींच्याच रंगाचा होता.

दुसरा उपाय आमचा आम्हीच काढला होता. चादर राखाडी आली की पुन्हा भट्टीला लावायची. आणि थंडीत दिवस लहान, ऊन कमी, म्हणून सूर्य उगवायच्या आत सगळं धुणं दोरीवर असलं पाहिजे. त्यासाठी भट्टी पहाटेच पेटवायची. जितकी थंडी जास्त, तितकी भट्टी लवकर. रखमामावशी पहाटेच्या अंधारात शाल गुंडाळून यायची, लाकडं रचायची, वर कोळसा, आणि फुंकणीने फुंकत बसायची. तिला हिवाळाभर खोकला असायचा. "थंडीचा आहे," म्हणायची. आम्हीही म्हणायचो, थंडीचा आहे.

मग ती संक्रांत आली, आणि संक्रांतीनंतरच्या लग्नांची बुकिंगं.

एक बाई सेठकडे आली. तिच्या मुलीचं लग्न. तिला सगळं पांढरं हवं होतं. पडदे, झालरी, गाद्या, खुर्च्या, छत, सगळं. फुलंसुद्धा पांढरी. तिच्या पर्समध्ये एक पांढरा रुमाल होता. तिने तो काढून सेठच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ऐसा. इससे एक रत्ती कम नहीं."

सेठ तडक धुणीघरात आला. आम्ही चहा पीत होतो. मी चादरीच्या आड गेले.

"सुनो, ये वाली मैडम रुमाल लेके घूमती है," तो म्हणाला. "शादी में भी लाएगी, लगा लगा के देखेगी. अबकी बार माल ग्रे आया ना, तो मैं सब सफेद माल मशीनवाली लॉन्ड्री में दे दूंगा. फिर ये भट्टी, ये दोरी, सब छुट्टी. बुरा मत मानना, मेरे को भी धंधा करना है."

आम्ही बुरा मानला नाही. त्याचं खरंच होतं. पण तो गेल्यावर कोणी चहा संपवला नाही.

संक्रांतीच्या एक-दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी पोरं पतंग उडवायला आसपासच्या गच्च्यांवर चढलेली. एका पतंगाचा मांजा आमच्या दोरीत अडकला, आणि ओढाताणीत एक लांब झालर सुटून शेजारच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन लटकली. ती आणायला मी वर गेले. त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुमनताई राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्याकडे गच्चीची किल्ली असायची. त्यांनी दार उघडलं, आणि माझ्याबरोबर वर आल्या, कारण त्यांना सकाळचं ऊन खायचं होतं.

मी एवढी वर्षं त्या इमारतीच्या पायाशी काम केलं, पण तिच्या डोक्यावर कधी गेले नव्हते. गच्चीवर पाऊल टाकलं आणि मी झालर विसरले.

वर ऊन होतं! स्वच्छ, कोवळं ऊन, हवा अशी की छाती भरून घ्यावी. आणि खाली शहर नव्हतंच. खाली दाट राखाडी साय धरली होती, तापवून ठेवलेल्या दुधावर धरते तशी, एकसारखी, सपाट. त्या सायीतून उंच इमारतींची डोकी, मोबाइलचे टॉवर, जुन्या गिरणीची चिमणी वर आली होती. आम्ही त्या सायीच्या वर उभ्या होतो आणि माझ्या मैत्रिणी तिच्या खाली.

आणि मग, अगदी पायाखाली साय जरा पातळ होती तिथे, मला आमची भट्टी दिसली. म्हणजे तिचा धूर. तो सरळ वर आला, आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत आला, आणि थांबला. तिथे कोणी छत घातलं असावं, तसा त्याला टेकला. आडवा झाला. पसरला. आणि मग हळूहळू, अगदी सावकाश, घरी परत येणाऱ्या गाईसारखा खाली उतरला. आमच्या दोऱ्यांवर.

मी ओरडलेच. "ताई! तो आपला आहे! तो आमचाच आहे!"

सुमनताई दचकल्या. माझा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. एवढी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट त्यांना समोर दिसत होती. "सरू," त्या म्हणाल्या, "पावसाचं पाणी तुमच्या अंगणात कुठे जातं?"

"नाल्याकडे. उतार आहे ना."

"थंड हवासुद्धा तशीच. जड असते. रात्री जमीन गार पडते, तिला लागलेली हवा गार होते, आणि पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोलगट जागी येऊन बसते. आपलं इंदूर सपाट वाटतं, पण राऊ गावाकडून गाडीत बसून ये, रस्ता आपला हळूच उतरत येतो. सगळीकडे असे खळगे आहेत. तुमचं धुणीघर तर खळग्याच्याही तळाशी. खाली गार हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. धूर त्या झाकणाला डोकं आपटून परत फिरतो."

"आणि झाकण कधी निघतं?"

"ऊन जमिनीला तापवेल तेव्हा. किती वाजता, ते मला नाही सांगता यायचं. पुस्तकात परदेशीपुऱ्याची वेळ दिलेली नसते."

वरची आणि खालची हवा ताडून बघायला मी झालरीचा एक कोपरा हौदावर नेऊन भिजवावा, वर आणून कठड्यावर टाकावा असा विचार केला, मग वाटलं झालर कशाला, फडकाच आणू. जिने उतरून गेले, चाखणीचे दोन फडके भिजवले. एक खाली दोरीवर टाकला, एक घेऊन पुन्हा धापा टाकत गच्चीवर आले आणि कठड्यावर टाकला. सुमनताईंनी मला चहा दिला. दोघी गच्चीवर बसून राहिलो आणि मी पोरांसारखी सारखी उठून फडका बघत होते. आसपासच्या पोरांचे पतंगही तेव्हा वर चढत नव्हते. थोडे उचलायचे आणि धपकन पडायचे. मग एका क्षणी पतंग चढायला लागले! सायीला भेगा पडल्या, खालचे रस्ते दिसायला लागले, आणि आमचा धूर छत फोडून कडुनिंबाच्या वर, आमच्याही वर, सरळ निघून गेला.

खालचा फडका वर आणून दोन्ही फडके शेजारी धरले. वरचा पांढरा. खालचा राखाडी. त्याच नळाचं पाणी, तेच कापड.

मी जिना उतरताना एवढी खूश होते की अर्ध्या वाटेत आल्यावर मला रखमामावशी आठवली, आणि मी पायरीवरच बसले.

धूर भट्टीचा, म्हणजे मावशीचा. सेठला सांगितलं तर तो काय करणार? भट्टी विझवणार. मशीनला भट्टी पेटवणारी लागत नाही. बाकीच्या दोघी आणि मी, आम्हांला कुठेही भांडी, झाडू, काहीतरी मिळेल. मावशीचं वय झालेलं, नवरा नाही, मुलगी राऊला दिलेली आणि जावयाच्या दारात जायचं नाही हा तिचा हट्ट. तिला फक्त आग सांभाळता येत होती. आणि सांगितलं नाही, तर चादरी राखाडी जाणार, आणि सगळ्यांचंच जाणार. मावशीसकट.

मी आधी तिलाच सांगायचं ठरवलं. दोन्ही फडके तिच्यापुढे धरले.

"मावशी, तो धूर आपला आहे."

"कुठला?"

"चादरींवरचा. पहाटेचा. वर जातो आणि परत येतो. मी वरून पाहिलं."

तिने फुंकणी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या भट्टीचा?"

मी मान हलवली.

"इतकी वर्षं बेकरीला शिव्या दिल्यास, त्या मुक्या चिमणीला दिल्यास, आणि आता माझ्यावर आलीस होय गं? बोलत नाहीस म्हणून भोळी वाटत होतीस!"

"मावशी, भट्टी नको असं नाही. फक्त पहाटे नको. दुपारी लावू. दुपारी धूर वर जातो. उकळलेलं धुणं आपटून, पिळून, रात्री झाकून ठेवू. दुसऱ्या दिवशी झाकण निघालं की वाळत घालू. तेव्हा भट्टी पेटलेलीच नसेल."

"कुठलं झाकण?"

मला ते सुमनताईंसारखं सांगता आलं नाही. मी म्हटलं, "वरणाच्या पातेल्यावरचं."

ती खोकली, बराच वेळ. मग म्हणाली, "आणि ओलं धुणं रात्रभर ठेवायचं? माझ्या आईने ऐकलं असतं तर फुंकणी घालून मारलं असतं मला. एक दिवस. एकच दिवस बघते. फडका काळा आला तर परत माझ्या भट्टीचं नाव काढायचं नाही."

एक दिवस आम्ही सगळं उलटं केलं. दुपारी भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या चादरी झाकलेल्या, भट्टी थंड, आणि आम्ही चौघी ऊन वर चढायची वाट बघत चहा पीत पायरीवर बसलेल्या. आणि नेमका सेठ आला.

लग्न तोंडावर आलेलं, आणि धुणीघरात धूर नाही, पाणी नाही, दोऱ्या रिकाम्या! तो दारातच उभा राहिला.

"ये क्या पिकनिक चल रही है?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. आड व्हायला एकही चादर दोरीवर नव्हती.

"सेठजी," मी म्हटलं. मग मी दोन्ही जुने फडके कमरेतून काढले आणि त्याच्या हातात दिले. "ये नीचे का. ये ऊपर का."

"मतलब?"

"धुआं हमारा ही है. सुबह का. ऊपर नहीं जाता, माल पे बैठता है."

त्याने फडके उलटेसुलटे केले. सेठ मूर्ख नव्हता. फडक्यावरून त्याची नजर थेट भट्टीकडे गेली. "तो ये है जड़! यार, फिर भट्टी ही बंद करो ना! मशीन में ही दे देते हैं."

मावशीने हातातला कप खाली ठेवला. ते मी पाहिलं, आणि मग माझ्या तोंडून जे आलं ते सेठसमोर मी आजवर बोलले त्यातलं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

"भट्टी बंद नहीं करनी, सेठजी, देर से लगानी है, और मशीन सोडा उतना ही डालेगी मगर धूप कहां से लाएगी, सफेदी तो धूप से आती है, आप शाम को आके देख लो, मैडम का रुमाल लेके आओ!"

सेठ माझ्याकडे बघतच राहिला. मग मावशीला म्हणाला, "ये बोलती भी है?"

"आजच सुरू झाली," मावशी म्हणाली.

तो संध्याकाळी खरंच आला, कुठूनतरी एक नवाकोरा रुमाल घेऊन. आम्ही ऊन चढल्यावर फडका टाकला होता. तो अगदी दुधासारखा नव्हता. शहराचा धूर होताच, बेकरीचाही होता, तिला दिलेल्या सगळ्याच शिव्या वाया गेल्या नव्हत्या. पण ताकासारखा होता, राखेसारखा नव्हता. मग चादरी टाकल्या, आणि उरलेलं ऊन सबंध त्यांना मिळालं. सेठने रुमाल एकीला लावला, दुसरीला लावला. "ठीक है," म्हणाला. "भट्टी रहने दो. पर शादी तक. फिर देखेंगे."

मावशी त्या दिवसांत माझ्याशी फार बोलली नाही. राग होता की काय, मला कळेना. मग एका सकाळी ती आली, उन्हं वर आल्यावर, केस विंचरलेले, आणि म्हणाली, "सरू, आज मी अंथरुणात पडून खिडकीतलं ऊन बघितलं. थंडीतलं ऊन खिडकीत कसं येतं, मला माहीतच नव्हतं गं." एवढंच. मग लाकडं मोजायला गेली.

आता तिथे गॅसचे बर्नर आहेत. लाकूड-कोळसा शहरात चालत नाही, आणि चांगलंच आहे. मावशी शेवटी मुलीकडे राऊला गेली, वरच्या हवेत. खोकला पूर्ण गेला नाही. तो थंडीचा नव्हता, हे आम्हांला फार उशिरा कळलं, आणि ते आठवलं की दोऱ्यांवरचं माझं सगळं शहाणपण मला फिकं वाटतं. आम्ही चादरींवर काय बसतं ते रोज बघत होतो, माणसाच्या आत काय बसतं ते नाही बघितलं. आणि दुपारी आमचा धूर छत फोडून गेला, तो कुठे गेला? मी सुमनताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कुठेतरी उतरतोच." कोणाच्या दोरीवर उतरला असेल, देव जाणे.

पण ते लग्न सांगायचं राहिलं.

सेठने आम्हांला मांडवात यायला सांगितलं होतं, ऐन वेळी झालर सुटली, पडदा पडला तर लावायला. मावशी आणि मी गेलो. स्वयंपाकाच्या बाजूला एका पडद्याआड उभ्या राहिलो. मला तर चांगलं सापडलं, आड व्हायला पडदा!

आणि मांडव काय दिसत होता! दिव्यांचा उजेड नव्हता तरी उजेड होता. सगळीकडे आमचं पांढरं. पडद्यांच्या चुण्या, खुर्च्यांच्या खोळी, डोक्यावरचं छत, कुठेही नजर टाकावी तर आमचं ऊन. मला वाटलं आता ओरडेन.

मग ती बाई आली. शालू नेसलेली, गजरा माळलेली, आणि हातात रुमाल. सेठ तिच्या मागे मागे, घाम पुसत. तिने रुमाल गादीच्या चादरीला लावला. पुढे गेली. खुर्चीला लावला. पुढे गेली. आमच्याच पडद्याला लावला, आणि मधे फक्त कापड होतं, पलीकडे आम्ही. मावशीने माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता, नेहमी असायचा.

बाईने रुमाल बघितला, पडदा बघितला. मग रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला आणि सेठला म्हणाली, "चलो, अब मैं रो सकती हूं." आणि मुलीकडे निघून गेली.

सेठने पडदा बाजूला केला. मावशीकडे बघून फक्त म्हणाला, "कल दोपहर को भट्टी कितने बजे लगाओगी?"

"सगळ्यांची जेवणं झाली की," मावशी म्हणाली, आणि तिने माझं मनगट सोडलं.

तेवढ्यात नवरीकडचे एक जाडजूड मामा हातात पोह्यांची प्लेट घेऊन आमच्या पडद्यापाशी आले. पोहे संपवले. इकडेतिकडे बघितलं, कागद मिळेना. मग अगदी निवांतपणे, बोट बोट करून, त्यांनी आमच्या पांढऱ्या पडद्याला हात पुसले. पिवळीजर्द पाच बोटं! आणि ढेकर देऊन गेले.

मी डोळे मिटले. मावशी पुढे झाली, तिने डाग जवळून बघितला, बोटाने चाचपला, हुंगला. आणि हसायला लागली, त्या वावटळीतल्यासारखी.

"हळदीचा आहे गं," ती म्हणाली. "साबणाने लाल होईल आणि उन्हात उडून जाईल. उद्या घाल दोरीवर."